एका घराला दोन हंडे

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. बी.एड. करत असताना कुणी सांगितलं असतं की चाळिशी ओलांडल्यावर तुझ्या हातात कॉम्प्युटर लॅबची किल्ली येणार आहे, तर मी हसले असते. पण शाळेत असंच होतं. कॉम्प्युटरचे सर सोडून गेले, त्यांची जागा भरली गेली नाही. 'मॅडमना टायपिंग येतं, एमएससीआयटीसुद्धा झालंय' एवढ्या भांडवलावर लॅबचा चार्ज माझ्याकडे आला.

लॅब म्हणजे काय, तर कोपऱ्यात एक दमदार मशीन, १६ जीबी मेमरीचं. एका माजी विद्यार्थ्यानं दिलेलं. बाकीच्या चौदा टेबलांवर जुने डबे. त्यांचा उपयोग फक्त स्क्रीन आणि कीबोर्डपुरता. मुलं जे काही उघडतात, टाइप करतात, रंगवतात, ते सगळं चालतं त्या कोपऱ्यातल्या एकाच मशीनवर. त्यात लिनक्स आहे. माझा भाचा पुण्याला सर्व्हर सांभाळायची नोकरी करतो, त्यानं दोन सुट्ट्या घालवून हे बसवून दिलं. चौदा मुलं एका मशीनवर! पहिल्यांदा चाललं तेव्हा मला जादूच वाटली होती.

मागच्या वर्षी शाळेच्या अंकाचं काम चालू होतं. नववीतली एक मुलगी तिच्या नानीवर लिहीत होती. नानी आयुष्यभर विड्या वळत आली. मुलीनं मोबाईलवर फोटो काढले होते: सुपातली पानं, कात्री, दोरा, नानीची बोटं. वीसेक फोटो तिनं लेखात जसेच्या तसे टाकले, त्यामुळे फाईल चांगलीच जड झाली होती. त्याच दिवशी शेवटच्या तासाला सगळे स्क्रीन गोठले. माऊस हलेना. दोन-तीन मिनिटं अशी गेली आणि मग मुलीच्या समोरची लेखाची खिडकी आपोआप बंद झाली. मागोमाग आणखी दोघांचं काम गेलं.

त्या प्रोग्रॅममध्ये दर दहा मिनिटांनी काम आपोआप जपून ठेवायची सोय असते. पण जड फाईल जपताना मशीन अडकतं म्हणून ती सोय मीच बंद करून ठेवली होती. मुलीनं तासाच्या सुरुवातीला एकदा सेव्ह केलं होतं, त्यानंतरचं सगळं गेलं. ती रडली नाही. नुसती स्क्रीनकडे बघत बसली. ते मला जास्त लागलं.

मग मी जे केलं ते सांगायलाच हवं, कारण हा लेख त्यासाठीच लिहिते आहे. मी मागच्या रांगेकडे वळले. तिथे एक मुलगा बसतो, ज्याला मी तीनदा गेम खेळताना पकडलं होतं. मी काही न विचारता त्याला उभं केलं, सगळ्यांसमोर बोलले आणि आठवडाभर लॅब बंद केली.

"मैं कुछ नहीं किया, मॅडम."

"खामोश. तेरे सिवा कौन करता ये धंदे?"

तो गेला. रात्री मी भाच्याला फोन लावला. म्हटलं, पोरं मशीन बंद पाडतात, काही तरी कुलूप लाव. तो म्हणाला, "खाला, आधी लॉग बघू. मशीन सगळं लिहून ठेवतं." त्यानं पुण्याहूनच मशीनमध्ये डोकावलं आणि थोड्या वेळानं विचारलं, "खाला, १००१ नंबरचा वापरकर्ता कोण?"

"मी."

"मग ऐक. मेमरी संपली तेव्हा मशीननं त्या क्षणी काय काय चालू होतं त्याची यादी लिहिलीय. त्यात ७१ ओळी एकाच प्रोग्रॅमच्या आहेत. फोटो लहान करायचा प्रोग्रॅम. सगळ्यांपुढे १००१."

मला घाम फुटला. त्या दुपारी मी शाळेच्या जुन्या हस्तलिखित अंकांची स्कॅन केलेली ९६ पानं लहान करायला लावली होती. भाच्यानंच कधी तरी शिकवलेली एक ओळ होती. ती मी अशी टाइप केली होती की एक पान संपल्यावर दुसरं सुरू होण्याऐवजी सगळी पानं एकदमच सुरू झाली. प्रत्येक पानाला शंभर-एकशेदहा एमबी मेमरी. ७१ पानांचे मिळून साडेसात-आठ जीबी. म्हणजे चौदा मुलांच्या मशीनचा अर्धा भाग मी एकटी अडवून बसले होते, आणि वर मुलाला बाहेर काढत होते.

"पण मग माझं काम का नाही बंद पडलं? तिचं का पडलं?" मी विचारलं.

भाच्याचं उत्तर मी अजून विसरलेले नाही. मेमरी अगदी संपली की लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो कुणाला तरी मारून जागा मोकळी करतो. कुणाला मारायचं ते ठरवताना तो एकेक प्रोसेस वेगळी बघतो, आणि साधारणपणे जिनं जास्त मेमरी धरलीय ती निवडतो. माझ्या ७१ प्रोसेस, पण प्रत्येक छोटी. मुलीची एकच, पण सातशे एमबीची. गर्दी मी केली होती, पण नजरेत भरली ती.

त्या रात्री मला आमच्या मोहल्ल्याचा नळ आठवला.

मी सात-आठ वर्षांची असेन. नळाला सकाळी तासभर पाणी यायचं. रांग माणसांची नसायची, भांड्यांची असायची. रात्रीच हंडे, कळशा, डबे, कुणाचं काहीच नसेल तर एक दगड, असं ठेवून नंबर लावायचे. आमच्या घरात आम्ही सात भावंडं. प्रत्येकाच्या नावाचं भांडं रांगेत. आमच्या शेजारी एक बेवा बाई राहायच्या. त्यांची एकच कळशी. भांड्यामागे भांडं असा हिशेब लावला तर कुणावर अन्याय नव्हता. प्रत्येक भांड्याला सारखा नंबर. पण पाणी जायच्या आत आमची सात भरायची आणि त्यांची एक कधी भरायची, कधी नाही.

एक दिवस माझ्या दादीनं नळावर उभं राहून सांगितलं की आजपासून नंबर भांड्याचा नाही, घराचा. एका फेरीत एका घराला दोन हंडे. सगळ्यांचे दोन-दोन झाले की दुसरी फेरी. घरातला कुठला हंडा आधी भरायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. अम्मी दादीवर चिडली होती, कारण सगळ्यात जास्त तोटा आमच्याच घराचा होता. दादी म्हणाली, "इसी लिए तो मुझे बोलना पड़ा."

भाच्यानं जे कुलूप सुचवलं ते नेमकं हेच होतं. त्याचं नाव कंट्रोल ग्रुप, बोलताना सीग्रुप.

लिनक्समध्ये प्रोसेसला मर्यादा घालायची जुनी पद्धत होतीच, पण मेमरीची ती मर्यादा प्रत्येक प्रोसेसला स्वतंत्र लागू व्हायची. म्हणजे 'एका भांड्यात इतकंच पाणी' असा नियम. ज्याच्याकडे सात भांडी, त्याला त्याचं काय? २००६ मध्ये गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ या इंजिनीयरांनी प्रोसेसचे गट करून हिशेब गटाचा ठेवायचं काम सुरू केलं. आधी त्याला प्रोसेस कंटेनर म्हणायचे, २००७ मध्ये नाव कंट्रोल ग्रुप झालं आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या कर्नेलच्या २.६.२४ आवृत्तीत ते सगळ्यांसाठी खुलं झालं. मेमरीचा हिशेब ठेवणारा भाग त्याच्या पुढच्या आवृत्तीत आला. तो लिहिणाऱ्यांत आयबीएमचे बलबीर सिंग होते. पुढे तेजुन हिओ यांनी सगळी रचना नव्यानं केली. पहिल्या पद्धतीत मेमरीचे गट वेगळे, सीपीयूचे वेगळे, असा गोंधळ व्हायचा. नव्या पद्धतीत सगळ्याला मिळून एकच झाड. २०१६ मधल्या ४.५ आवृत्तीपासून ती अधिकृत आहे. आज मोठमोठ्या कंपन्या एका सर्व्हरवर शेकडो कामं एकमेकांना धक्का न लागू देता चालवतात, त्याच्या मुळाशी हेच आहे.

ऐकायला अवघड वाटतं, पण बघायला अगदी सोपं आहे. मशीनमध्ये एका ठिकाणी फोल्डरांचं एक झाड दिसतं. एक फांदी मशीनच्या स्वतःच्या कामांची, एक वापरकर्त्यांची. वापरकर्त्यांच्या फांदीवर प्रत्येकाची डहाळी. प्रत्येक डहाळीत छोट्या छोट्या फाईली, आणि फाईलीत एक आकडा. त्या आकड्याचं नाव मर्यादा. सगळ्यात मला आवडलेली गोष्ट ही, की नवी प्रोसेस जिच्या पोटी जन्मते तिच्याच गटात ती जन्मते. मी ७१ सुरू करीन नाही तर ७००, सगळ्या माझ्याच घरच्या. जास्त पोरं नळावर पाठवून हंडे वाढत नाहीत.

हिशेब मात्र प्रत्येक गोष्टीचा वेगळा. सीपीयू म्हणजे नळाचं पाणी. आत्ता मिळालं नाही तर पुढच्या क्षणी मिळेल, थोडं थांबायचं, कुणी मरत नाही. म्हणून तिथे वजन देतात. प्रत्येक गटाचं मुळातलं वजन १००. ते १ पासून १०,००० पर्यंत काहीही करता येतं. आम्ही मुलांचं १०० ठेवलं आणि माझं २०. म्हणजे एकच मूल जोरात काम करत असेल आणि मीही करत असेन, तर सहा भागांतला एक माझा. चौदाही मुलं कामाला लागली तर १,४२० मधले माझे २०, म्हणजे जवळपास काही नाही. पण मुलं घरी गेली की सगळा सीपीयू माझा. वजनाचा हा गुण आहे, रांगेत दुसरं कुणी नसेल तर ते आड येत नाही. दादीसुद्धा सगळ्यांचं भरून झाल्यावर नळ बंद करायला लावत नव्हती. 'काही झालं तरी इतक्याच्या वर नाही' अशी कडक मर्यादाही सीपीयूला घालता येते, पण नळ मोकळा वाहत असताना लेकराला परत पाठवायचं, हे आम्हाला पटलं नाही.

मेमरीचं तसं नाही. मेमरी म्हणजे खोलीतली जागा. जो बसला तो बसला. त्याला उठवल्याशिवाय दुसऱ्याला जागा मिळत नाही. म्हणून तिथे दोन रेषा असतात. पहिल्या रेषेच्या वर गेलं की मशीन त्या गटाला मंद करतं, त्याच्याकडची मोकळी करता येण्यासारखी जागा काढून घेत राहतं. दुसरी रेषा शेवटची. ती ओलांडायची वेळ आली आणि काहीच मोकळं होईना, तर त्याच गटातली एखादी प्रोसेस मारली जाते. दुसऱ्या घरातली नाही. माझ्या चुकीची शिक्षा माझ्याच घरात.

हे सगळं एका रात्रीत जमलं असं समजू नका. माझ्या चुकांची यादी देते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

पहिल्या दिवशी मी ते आकडे थेट त्या फाईलींत लिहिले आणि खूष झाले. दुपारी लाईट गेली, परत आली, मशीन सुरू झालं आणि सगळे आकडे गायब. त्या फाईली डिस्कवर नसतातच, मशीन चालू असेपर्यंतच त्यांचं आयुष्य. मुलानं लॉगआउट केलं तरी त्याची डहाळी गळून पडते. आकडे टिकवायचे तर ते सिस्टीमडीला सांगावे लागतात, मग ती दर वेळी आठवणीनं लावते. सगळ्या वापरकर्त्यांसाठी एकदाच लिहून ठेवायची सोयही तिच्यात आहे.

दुसरी चूक प्रोसेसच्या संख्येची. मला वाटलं, शाळकरी मुलाला शंभर प्रोसेस म्हणजे डोक्यावरून पाणी. शंभरची मर्यादा घातली आणि कुणाचाच ब्राउझर धड उघडेना. कळलं ते असं, की ही मोजणी करताना प्रोसेसच्या आतले धागे, म्हणजे थ्रेड, तेही एकेक धरले जातात, आणि एकटा ब्राउझर असे ढिगानं धागे काढतो. मर्यादा हजारावर नेली. चुकून स्वतःचीच पिल्लं काढत सुटलेला प्रोग्रॅम थांबवायला तेवढी पुरते.

तिसरी चूक मनाला लागणारी होती. मी सगळ्या मुलांना मेमरीची मर्यादा सारखी दिली. पहिली रेषा ७०० एमबीवर, शेवटची ८०० वर. दोन रेषांमध्ये अंतर जवळपास नाहीच. दुसऱ्या दिवशी नानीचा लेख लिहिणाऱ्या मुलीची खिडकी पुन्हा बंद पडली. या वेळी दोष कुणाच्या गर्दीचा नव्हता. सातशे एमबीची तिची फाईल आणि वरची बाकीची खिडक्या-बटणं मिळून मी आखलेल्या रेषेच्या बाहेर गेली होती, एवढंच. या वेळी तिनं दर पाच मिनिटांनी सेव्ह केलं होतं म्हणून दोन ओळींवर निभावलं. ती म्हणाली, "मॅडम, मेरा ही क्यों जाता हर बार?"

मला उत्तर देता आलं नाही. सारखं वाटप केलं की मन स्वच्छ राहतं, पण मी कुणाचं काम किती मोठं आहे ते न बघताच आकडा लिहिला होता. वर्गात मी असं करत नाही. ज्याला उर्दूतून मराठीत यायला वेळ लागतो त्याला मी उत्तराला जास्त वेळ देते, आणि कुणी त्याला पक्षपात म्हणत नाही.

मग आम्ही आधी मोजलं. प्रत्येक गट किती मेमरी आणि किती सीपीयू खातोय, ते चालू असताना दाखवणारी एक कमांड असते. आठवडाभर मी मर्यादा न घालता नुसती वहीत नोंद केली, हजेरी मांडतात तशी. साधी टायपिंगवाली मुलं साडेचारशेच्या पुढे जात नव्हती. त्यांना पहिली रेषा ८०० वर, शेवटची १,००० वर. अंकाचं काम करणाऱ्या चौघांना पहिली १,२००, शेवटची १,६००. मला १,५००. मशीनच्या स्वतःच्या फांदीला १ जीबी राखून ठेवलं. ही मर्यादेची उलटी बाजू, 'इतक्या जागेला सहसा कुणी हात लावू नये' असं सांगणारी. तेवढ्यामुळे निदान लॉगिन तरी चालू राहतं.

बेरीज करणारे विचारतील, सगळ्यांच्या मर्यादा मिळवल्या तर १६ जीबीच्या वर जातात, हे कसं? जातात. मर्यादा म्हणजे हक्काचा वाटा नव्हे, ती छताची उंची आहे. सगळे एकाच वेळी छताला डोकं लावत नाहीत. लावलं तर पुन्हा अडचण येईल, हे आम्हाला माहीत आहे.

आणि भाच्यानं बजावलेली एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. "खाला, सीग्रुप तुझी चूक दुसऱ्याच्या घरात जाऊ देणार नाही. पण चूक ती चूकच. ती ओळ सुधार." आता ती ओळ एका वेळी चारच पानं घेते. ९६ पानं आरामात होतात. मला घाई कुठे असते?

आता त्या मुलाबद्दल. लॉगचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला वर्गातच, सगळ्यांसमोर सांगितलं की परवा मशीन मी बंद पाडलं होतं, तू नाही, आणि मी न बघता बोलले. जिथे ओरडले तिथेच माफी मागायची, एवढी तरी शिस्त असावी. वर्ग गप्प झाला. मुलगा बूट बघत म्हणाला, "ठीक है मॅडम, होता है." तो मोठ्या मनाचा निघाला. पण पुढचे काही दिवस तो लॅबमध्ये शिरताना आधी माझ्या तोंडाकडे बघायचा, ते मी विसरू शकत नाही. मशीननं त्या दिवशी केलं तेच मी केलं होतं. गर्दीच्या वेळी जो आधी नजरेत भरला त्याला धरलं. मशीनकडे निदान यादी होती. माझ्याकडे फक्त सवय होती.

सर्व्हर सांभाळणारे लोक हा लेख वाचून हसतील, त्यांच्यासाठी हे रोजचं आहे. मी लिहिते आहे ते माझ्यासारख्या, एका मशीनवर दहा-वीस मुलं बसवणाऱ्या शिक्षकांसाठी. मर्यादा घाला, पण आधी आठवडाभर मोजा. दोन रेषांमध्ये अंतर ठेवा, म्हणजे काम मरायच्या आधी मंद होईल आणि मुलाला सेव्ह करायला वेळ मिळेल. आणि काही बंद पडलं तर कुणाचं नाव घ्यायच्या आधी लॉग उघडा.

नानीवरचा लेख अंकात आला. गेलेला भाग मुलीनं पुन्हा लिहिला. पहिला जास्त चांगला होता, असं ती म्हणते. तो मी वाचलेला नाही, आणि आता वाचताही येणार नाही.

सगळे आकडे मी एका कागदावर उर्दूत आणि मराठीत लिहून लॅबच्या भिंतीला लावले आहेत. कुणाला किती, ते सगळ्यांना दिसावं म्हणून. लावला त्याच दिवशी मागच्या रांगेतला तो मुलगा कागदासमोर उभा राहिला. बोट फिरवत फिरवत सीपीयूच्या रकान्यात माझ्या नावापाशी थांबला.

"मॅडम, सब का सौ, आपका बीस ही?"

म्हटलं, "हमारे घर में हंडे ज़्यादा हैं, बेटा."

त्याला काही कळलं नाही. मग मी त्याला नळाची गोष्ट सांगितली.